कंपनीची किंमत आणि लिमरिकचा जानेवारी

(लिमरिक येथे मराठी कुटुंबांसमोर दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्यांना आपण सगळे काका म्हणत होतो. सांगली जिल्ह्यातल्या सहकारी संस्थांचे ऑडिट करण्यात त्यांची नोकरी गेली आणि मुलाकडे इथे राहायला आल्यावरही ती सवय सुटली नाही. कोणाच्या घरी एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल दिसला की ते तो शेवटून वाचायला घेत. आधी टिपा, मग दिलेल्या हमी, मग संचालकांच्या नात्यागोत्यातल्या लोकांशी झालेले व्यवहार, आणि सगळ्यात शेवटी नफा. नफा हा कंपनीने सांगितलेला आकडा असतो, टिपा या तिला सांगाव्या लागलेल्या गोष्टी असतात, असा त्यांचा हिशेब होता. कंपनीचा कारभार, तिची सामाजिक जबाबदारी आणि तिची किंमत यांचा संबंध काय, हा आजचा विषय मी त्यांच्याच पद्धतीने मांडणार आहे.

आपल्यापैकी बरेच जण राहीनच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. काही जण औषधांच्या कारखान्यात आहेत, काही सॉफ्टवेअरमध्ये, काही रुग्णालयात. या शहराला २००९ चा जानेवारी अजून आठवतो. त्यावेळी इथे नसलेल्यांसाठी थोडा तपशील सांगतो, कारण त्या महिन्यातल्या अकरा दिवसांत आजचा जवळजवळ सगळा विषय सामावलेला आहे.

५ जानेवारीला वॉटरफर्ड वेजवूड ही काचेची आणि चिनी मातीची जगप्रसिद्ध कंपनी रिसीव्हरच्या ताब्यात गेली. ७ जानेवारीला हैदराबादेत सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी हिशेब खोटे असल्याची लेखी कबुली दिली. दुसऱ्याच दिवशी, ८ जानेवारीला, डेलने लिमरिकचे उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. इथल्या सुमारे ३,००० नोकऱ्यांपैकी १,९०० जाणार होत्या आणि काम पोलंडमधल्या वूच शहरात हलणार होते. आणि १५ जानेवारीच्या रात्री आयर्लंड सरकारने अँग्लो आयरिश बँक ताब्यात घेण्याचा निर्णय सांगितला.

यांतल्या सत्यम आणि अँग्लोमध्ये कारभार सडलेला होता. डेलच्या निर्णयात कायदेशीर चूक कोणीही दाखवलेली नाही. मंडळाने विचार केला, खर्चाची तुलना केली, कामगारांना आधी कळवले, नुकसानभरपाई दिली. तरीही २०११ च्या जनगणनेत लिमरिक शहरातली बेरोजगारी २८.६ टक्के निघाली, देशातल्या सगळ्या शहरांत जास्त. म्हणून माझा पहिला प्रश्न असा आहे की ज्याला आपण उत्तम कारभार म्हणतो, तो नेमका कोणासाठी उत्तम असतो?

उत्तराकडे जाण्याआधी कंपनीची किंमत कशी ठरते ते पाहू. समजा एक कंपनी दरवर्षी शंभर रुपये कमावते आणि पुढेही कमावत राहील असे लोकांना वाटते. एवढी जोखीम घ्यायला गुंतवणूकदार दहा टक्के परतावा मागत असेल, तर त्या कंपनीची किंमत हजार रुपये. आता त्याला संशय आला की संचालक मंडळ मालकाच्या खिशात आहे, आकडे पूर्ण खरे नाहीत, आणि तो साडेबारा टक्के मागू लागला, तर किंमत होते आठशे. कमाई तीच, यंत्रे तीच, माणसे तीच, पण पाचवा हिस्सा गेला. कारभाराचा किमतीशी पहिला संबंध हा, आणि तो या मागितलेल्या परताव्यातून येतो. सामाजिक जबाबदारीचा संबंध दुसऱ्या आकड्याशी आहे: ते शंभर रुपये किती वर्षे येत राहतील? कामगार टिकतील का, गाव कारखान्याविरुद्ध उठेल का, पाणी पुरेल का, उद्या सरकार परवाना काढून घेईल का? वित्तशास्त्राची जाडजूड पुस्तके या दोन आकड्यांभोवतीच फिरतात.

आता डेलकडे वळू. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डेल राहीनमध्ये आली. ग्राहकाने मागणी नोंदवायची, पैसे भरायचे आणि मग त्याच्यासाठी संगणक जोडायचा, ही त्यांची पद्धत. ग्राहकाचे पैसे आधी यायचे, पुरवठादाराला नंतर मिळायचे. सुटे भाग कारखान्याजवळच्या गोदामांत पुरवठादाराच्या मालकीचे म्हणून पडून असायचे आणि जोडणीच्या वेळी उचलले जायचे, म्हणजे पडून राहिलेल्या मालाचा भुर्दंडही पुरवठादाराच्याच माथी. व्यवस्थापनाच्या वर्गांत ही पद्धत आदर्श म्हणून शिकवली गेली. तिच्यात हुशारी होती यात शंका नाही. पण काकांसारखा माणूस तिथे बसला असता तर त्याने विचारले असते की जोखीम नाहीशी झाली की फक्त दुसऱ्याच्या अंगणात गेली? ती पुरवठादारांच्या, वाहतूकदारांच्या आणि या शहराच्या अंगणात गेली होती. २००९ मध्ये कारखान्याबरोबर त्याचे पुरवठादारही कोलमडले. युरोपीय निधीसाठी आयर्लंडने जो अर्ज केला त्यात डेल आणि तिच्या पुरवठादारांकडून कमी झालेली २,८०० हून अधिक माणसे मोजली होती.

त्या निधीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. बेकार झालेल्यांच्या प्रशिक्षणासाठी युरोपीय संघाने १.४८ कोटी युरो मंजूर केले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये पोलंड सरकारने वूचच्या कारखान्यासाठी डेलला द्यायच्या ५.४५ कोटी युरोंच्या मदतीलाही त्याच संघाने हिरवा कंदील दाखवला. डिसेंबर २००९ मध्ये डेलने तो वूचचा कारखाना फॉक्सकॉनला विकत असल्याचे जाहीर केले. ज्या पोलिश कामगारांचा लिमरिकला हेवा वाटला असेल, त्यांचा मालक वर्षाच्या आत बदलायला निघाला होता. त्या कामगारांचा यात काहीच दोष नाही, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण त्या दिवसांत पोलिश लोकांबद्दल फार कटू बोलले गेले.

पण डेलच्या टिपांमधले सगळ्यात मोठे प्रकरण याच्याही आधीच्या वर्षांतले आहे आणि ते लिमरिकमध्ये फारसे कोणी सांगत नाही. २०१० च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने डेलवर दावा दाखल केला. आरोप असा की स्पर्धक कंपनीच्या चिप्स वापरू नयेत म्हणून इंटेल डेलला मोठाल्या रकमा देत होती आणि डेलने ही बाब गुंतवणूकदारांपासून दडवली. नियामकाच्या आकडेवारीनुसार या रकमा २००३ च्या आर्थिक वर्षात कामकाजाच्या नफ्याच्या १० टक्के होत्या आणि २००७ च्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या तिमाहीत तब्बल ७६ टक्के. त्या नसत्या तर कित्येक तिमाहींत विश्लेषकांची अपेक्षा पुरी झाली नसती. आरोप मान्य किंवा अमान्य न करता कंपनीने १० कोटी डॉलर भरले, आणि संस्थापक मायकेल डेल यांनी स्वतः ४० लाख.

म्हणजे ज्या काळात राहीनच्या कामगारांना प्रत्येक संगणकामागचे सेकंद मोजून दाखवले जात होते, त्याच काळात तिमाहीच्या नफ्याचा मोठा भाग त्यांच्या सेकंदांवर अवलंबूनच नव्हता. इंटेलचे पैसे आटले तेव्हा नफा घसरला आणि मग खर्च कुठे कापायचा याचा शोध सुरू झाला. लिमरिक याच एका कारणाने बंद झाले असे मी म्हणणार नाही. लॅपटॉपचे दिवस आले होते, आशियात जोडणी स्वस्त होती, आयर्लंडमधले पगार वाढले होते. पण कंपनीने आपल्या नफ्याचे खरे कारण भागधारकांना चार वर्षे आधी सांगितले असते, तर लिमरिकलाही ते चार वर्षे आधी कळले असते. खरे हिशेब हा भागधारकाचा हक्क आहे असे आपण म्हणतो. ते कामगाराच्या आणि शहराच्याही कामाचे असतात. कारभार आणि सामाजिक जबाबदारी यांची पहिली गाठ मला इथे दिसते, देणगीच्या धनादेशापासून फार दूर.

किमतीपुरते बोलायचे तर डेलचाच आणखी एक प्रसंग आहे. २०१३ मध्ये मायकेल डेल आणि सिल्व्हर लेक या गुंतवणूक संस्थेने भागधारकांना दर शेअरमागे १३.७५ डॉलर देऊन कंपनी खासगी केली. काही भागधारक कोर्टात गेले. २०१६ मध्ये डेलावेअरच्या कोर्टाने योग्य किंमत १७.६२ डॉलर ठरवली. २०१७ च्या अखेरीस वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला आणि बाजारातल्या भावाला अधिक वजन द्यायला सांगितले. एवढी मोठी कंपनी, सगळी कागदपत्रे समोर, आणि तरी निष्णात माणसांच्या दोन आकड्यांत चार डॉलरच्या आसपास फरक. ‘कंपनीचे मूल्य’ हा एक ठाम आकडा आहे असे कोणी सांगू लागले तर हे उदाहरण लक्षात ठेवावे.

अँग्लो आयरिश बँकेबद्दल थोडक्यात बोलतो, कारण ती गोष्ट मराठी माणसाला ओळखीची वाटेल. बँकेचे अध्यक्ष शॉन फिट्झपॅट्रिक यांनी स्वतःच्या बँकेकडून मोठी कर्जे घेतली होती. बँकेचे वर्ष ३० सप्टेंबरला संपे. त्याआधी ही कर्जे दुसऱ्या संस्थेकडे वळवली जात आणि तारीख उलटली की परत येत. आठ वर्षे ताळेबंदात ती दिसली नाहीत. डिसेंबर २००८ मध्ये हे उघड झाल्यावर त्यांनी राजीनामा दिला. पुढे या बाबतच्या खटल्यात ते निर्दोष सुटले. बँकेचे मुख्य कार्यकारी डेव्हिड ड्रम यांना मात्र ठेवींचा आकडा फुगवल्याच्या प्रकरणात २०१८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. या एका बँकेपायी आयर्लंडच्या करदात्यांचे २,९०० कोटी युरोंहून अधिक गेले. आपल्याकडे २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा हेच पाहायला मिळाले. एकाच बांधकाम समूहाला दिलेली कर्जे हजारो बनावट खात्यांच्या आड लपवली होती आणि एकूण कर्जांचा सत्तर टक्क्यांहून मोठा हिस्सा तिथेच अडकला होता. मुंबईतल्या खातेदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. आपल्यापैकी कोणाचे आईवडील त्या रांगेत उभे राहिले असतील तर त्यांना कारभार या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आता सत्यम. तिथे सामाजिक जबाबदारीची कमतरता नव्हती, हे आधी सांगितले पाहिजे. आज देशभर रुग्णवाहिकेसाठी आपण १०८ फिरवतो. त्या सेवेची सुरुवात २००५ मध्ये हैदराबादेत राजू यांनी उभारलेल्या संस्थेने केली. असंख्य लोकांचे प्राण तिने वाचवले आणि ही सेवा पुढे दुसऱ्यांच्या हाती गेली तरी चालू राहिली. गावांत काम करणारे त्यांचे प्रतिष्ठानही होते. सप्टेंबर २००८ मध्ये सत्यमला उत्तम कारभारासाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला. संचालक मंडळावर परदेशी विद्यापीठातले प्राध्यापक, व्यवस्थापन संस्थेचे प्रमुख, माजी सरकारी अधिकारी अशी वजनदार नावे होती. कागदावर काही म्हणजे काही कमी नव्हते.

१६ डिसेंबर २००८ रोजी त्या मंडळापुढे राजू कुटुंबाच्याच दोन मायटास कंपन्या १६० कोटी डॉलरला विकत घेण्याचा प्रस्ताव आला, आणि मंडळाने तो मंजूर केला. त्या खोलीत एवढी शिकलेली माणसे होती. एकानेही तो बैठकीतच अडवला नाही. अडवले बाजाराने. अमेरिकेत शेअर एका दिवसात निम्म्याहून खाली आला आणि काही तासांत प्रस्ताव मागे घेतला गेला. तीन आठवड्यांनी कबुली आली: ताळेबंदात रोख आणि बँकशिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखवली होती, त्यांतले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. काकांच्या भाषेत सांगायचे तर कोणीतरी बँकेत जाऊन पासबुक भरून घ्यायला हवे होते. एवढ्याने सगळे उघड झाले असते.

त्यानंतर जे घडले ते मला या सगळ्या इतिहासातले सगळ्यात शिकण्यासारखे वाटते, आणि आपण ते पटकन विसरून गेलो. केंद्र सरकारने चार दिवसांत जुने मंडळ बरखास्त केले आणि किरण कर्णिक, दीपक पारेख, सी. अच्युतन यांना नेमले, मग आणखी तिघांना. एप्रिलपर्यंत लिलाव होऊन पुण्याच्या टेक महिंद्राने ५८ रुपये शेअरने कंपनी घेतली. जानेवारीत कबुलीच्या दिवशी शेअर एका दिवसात पाऊणहून अधिक कोसळला होता. कामगार तेच होते, बरेचसे ग्राहक तेच होते, इमारतीही त्याच. बदलले होते फक्त टेबलाभोवतीचे लोक, आणि त्यांच्या सहीवर विश्वास ठेवायला बँका आणि ग्राहक तयार झाले. चांगल्या कारभाराची किंमत रुपयांत मोजून दाखवा असे मला कोणी म्हटले तर मी त्या तीन महिन्यांकडे बोट दाखवीन.

लिमरिक परगण्यातही असे एक उदाहरण आहे आणि ते इथून तासाभराच्या आत आहे. शॅननच्या मुखाशी, फॉइन्सजवळ ऑगिनिश ॲल्युमिना आहे, युरोपातली सगळ्यात मोठी ॲल्युमिना रिफायनरी. तिच्या लाल गाळाच्या साठ्याविषयी आसपासच्या लोकांच्या तक्रारी वर्षानुवर्षे आहेत आणि त्या ऐकून घेतल्या पाहिजेत. पण २०१८ मध्ये संकट गाळामुळे आले नाही. कारखाना रशियाच्या रुसालच्या मालकीचा, रुसालवर एन प्लस या समूहाचे नियंत्रण आणि एन प्लसवर उद्योगपती ओलेग डेरिपास्का यांचे. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेने निर्बंध घातले आणि पहिल्या सोमवारी हाँगकाँगमध्ये रुसालचा शेअर निम्मा झाला. इथल्या शेकडो कामगारांनी काहीही चूक केली नव्हती. तरी बँका व्यवहार करायला तयार नाहीत, ग्राहक माल घ्यायला तयार नाहीत, अशी अवस्था झाली.

जानेवारी २०१९ मध्ये निर्बंध उठले, ते कशाने? डेरिपास्का यांनी एन प्लसमधला हिस्सा ५० टक्क्यांच्या खाली, ४४.९५ टक्क्यांवर आणला आणि मंडळात स्वतंत्र संचालकांचे बहुमत आले. रिफायनरीची एक नळीही बदलली नव्हती. लंडन, मॉस्को आणि वॉशिंग्टनमध्ये झालेल्या शेअरवाटपावर आणि संचालकांच्या यादीवर इथल्या घरांतली चूल अवलंबून होती. पुढच्या काळात युक्रेनमधल्या युद्धामुळे या मालकीवर नवे प्रश्न उठले आणि त्यांवरचा वाद अजून चालू आहे. मला एवढेच सांगायचे आहे की ‘भागभांडवलाची रचना’ हे वार्षिक अहवालातले कंटाळवाणे पान लिमरिकच्या कामगारानेही वाचले पाहिजे.

संशोधन याबद्दल काय सांगते? पुष्कळ काही सांगते, आणि ते एका सुरात सांगत नाही. गॉम्पर्स, इशी आणि मेट्रिक यांनी २००३ मध्ये दाखवले की नव्वदच्या दशकात ज्या अमेरिकी कंपन्यांनी भागधारकांचे हक्क मजबूत ठेवले, त्यांनी हक्क कापणाऱ्यांपेक्षा वर्षाला सुमारे साडेआठ टक्के जास्त परतावा दिला. नंतर बेब्चुक, कोहेन आणि वांग यांनी तेच तपासले तेव्हा पुढच्या वर्षांत तो फरक दिसेनासा झाला होता. बाजाराने धडा शिकला आणि चांगल्या कारभाराची किंमत आधीच शेअरमध्ये धरली, असा त्यांचा निष्कर्ष. भारतापुरते ब्लॅक आणि खन्ना यांचे काम मला मोलाचे वाटते. १९९९ मध्ये सेबीने कंपनी कारभाराविषयीचे कलम ४९ आणण्याचे जाहीर केले, त्या दोन दिवसांत ज्या मोठ्या कंपन्यांना ते आधी लागू होणार होते त्यांचे शेअर छोट्यांच्या तुलनेत चार टक्क्यांनी वर गेले. नियम कडक होणार म्हटल्यावर किंमत घसरली नाही, वाढली. उद्योगपतींच्या सभांत नियमांविषयी जी कुरकुर चालते तिला हे उत्तर आहे.

सामाजिक जबाबदारीचा पुरावा जास्त अटींचा आहे. खान, सेराफिम आणि युन यांनी २०१६ मध्ये एक साधी विभागणी केली: त्या धंद्याला खरोखर भिडणारे प्रश्न कोणते आणि न भिडणारे कोणते. पहिल्यांत चांगले काम करणाऱ्या कंपन्या शेअरबाजारात पुढे गेल्या, दुसऱ्यांत खर्च करणाऱ्यांना फायदा दिसला नाही. म्हणजे शीतपेयांच्या कंपनीने भूजल सांभाळले तर तिची किंमत वाढते. तिने मॅरेथॉन प्रायोजित केली तर जाहिरात होते. लिन्स, सर्वेस आणि तमायो यांना असेही दिसले की २००८-०९ च्या पडझडीत सामाजिक बाबतीत चांगले नाव असलेल्या कंपन्यांचे शेअर इतरांपेक्षा चार ते सात टक्के बिंदूंनी सावरलेले राहिले. नेहमीच्या दिवसांत हा फरक जाणवत नाही. सगळीकडे विश्वास उडतो तेव्हा जाणवतो.

हे मान्य केले तर आपल्या भारतीय कायद्याकडे पाहताना मला अस्वस्थ वाटते. २०१३ च्या कंपनी कायद्यातले कलम १३५ सगळ्यांना पाठ आहे: ठरावीक आकाराच्या कंपनीने तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. त्या पैशातून शाळांना स्वच्छतागृहे मिळाली, गावांना पाण्याच्या टाक्या मिळाल्या, हे चांगलेच झाले. पण त्याच कायद्याचे कलम १६६ किती जणांनी वाचले आहे? संचालकाने कंपनी, भागधारक, कर्मचारी, समाज आणि पर्यावरण या सर्वांच्या हिताचा विचार करूनच निर्णय घ्यावा, असे ते सांगते. आयर्लंडच्या २०१४ च्या कायद्यात कलम २२४ आहे, तेही संचालकांना कर्मचाऱ्यांच्या हिताकडे लक्ष द्यायला सांगते, पण भारतीय कलमाची व्याप्ती त्यापेक्षा मोठी आहे. आपण ती वापरली नाही. उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्के नफ्याचे काय, तो कसा मिळवला, हा प्रश्न कलम १६६ विचारते, आणि म्हणूनच दोन टक्क्यांच्या हिशेबात रमणे सगळ्यांना सोयीचे पडते.

हा प्रश्न विचारण्याची परंपरा आपल्याकडे नव्हती असे नाही. लिमरिक परगण्यातल्या ड्रमकॉलहर गावी १८८९ मध्ये होरेस प्लंकेट यांच्या चळवळीतून शेतकऱ्यांची पहिली सहकारी क्रीमरी निघाली. दूध घालणारा तोच मालक, आणि एका सभासदाला एक मत. पुढे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यात १९५० मध्ये पहिला गळीत हंगाम झाला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांनी कारखान्याचे अध्यक्षपद धनंजयराव गाडगीळ यांना दिले होते. गाडगीळ अर्थशास्त्रज्ञ होते, उसाचे शेतकरी नव्हते, आणि हवे तिथे नाही म्हणू शकतील अशी त्यांची उंची होती. सहकाराचे पुढे जे काही झाले ते आपण जाणतो. काकांनी त्यातले बरेच जवळून पाहिले होते. पण बाहेरचा, स्वाभिमानी माणूस मंडळावर हवा हे सेबीच्या समितीला सुचण्याच्या पन्नास वर्षे आधी नगर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला सुचले होते, याचा मला अभिमान वाटतो.

राहीनमधली डेलची ती इमारत पुढे रेजेनेरॉनने घेतली आणि तिथे आता औषधांसाठी प्रतिपिंडे तयार होतात. तुमच्यातले काही जण तिथे आहेत. शहर सावरले, विद्यापीठाने हात दिला, आणि हे सगळे सोपे होते असे कोणी म्हणू नये.

शेवटी तुमच्याशी थेट बोलतो. तुमच्यापैकी बहुतेकांकडे कंपनीचे शेअर आहेत, कोणाला नोकरीतून मिळालेले, कोणी भारतात घेतलेले. सगळ्यांकडे पेन्शन योजना आहे. वॉटरफर्डच्या काच कामगारांनी वर्षानुवर्षे पेन्शनमध्ये पैसे भरले आणि कंपनी बुडाल्यावर त्यांना कळले की निधीत पुरेसे काही नाही. २०१३ मध्ये युरोपीय न्यायालयाने आयर्लंडला दोषी धरले तेव्हा कुठे तडजोडीची वाट मोकळी झाली, आणि तोवर त्यांतले काही जण हयात नव्हते. म्हणून यंदा तुमच्या पेन्शन योजनेच्या विश्वस्तांना पत्र लिहा आणि विचारा की आमचे पैसे ज्या कंपन्यांत आहेत तिथे तुम्ही कोणाला मत दिले. भारतातल्या शेअरबाजारात सूचीबद्ध कंपन्यांचे शेअर असतील तर सभेची नोटीस ईमेलने येते आणि मत ऑनलाइन देता येते. ती नोटीस डिलीट करू नका. संबंधित व्यक्तींशी व्यवहार असा विषय तिच्यात दिसला तर तो आधी वाचा, आणि पटला नाही तर विरोधात मत द्या.